चाकू मुंबईपर्यंत आला होता

शालन,

तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. बोळात सायकल थांबली की अजून मी दाराआड उभा राहून कान देतो. पोस्टमन शेजारच्या घरात पत्र टाकून निघून जातो आणि मी पंख्याखाली घाम पुसत बसतो. चार वर्षं हे असंच चाललंय. तुला वाटायचं मला रक्तदाबाचा त्रास आहे. डॉक्टरांनाही तसंच वाटायचं, त्यांनी गोळी पण सुरू केली. खरं कारण मला एकट्याला माहीत होतं, आणि ते तुला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणतो हेही खोटंच. सांगायला चार वर्षं होती. मी सांगितलं नाही.

भेटायला येणारे लोक बोलता बोलता तुझ्या कपाटाकडे बघतात. परवा तुझ्या भिशीतल्या बायका आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "भाऊजी, शालनताईंच्या त्या चाकूंचं काय करणार वो आता तुमी?" मी म्हटलं, बघू. एकतीस चाकू आहेत. जुन्या सुती साडीचे तुकडे करून, तेलाचा हात फिरवून, एकेक वेगळा गुंडाळलेला. तू गेल्यापासून मी कपाट उघडलेलं नाही. चाकूंना भीत नाही आता. तू घातलेल्या त्या घड्या माझ्या हातून मोडतील, याला भितो.

तुझ्या या नादाला लोक हसायचे. बाई माणूस आणि चाकू गोळा करते म्हणून. त्यांना अप्पा माहीत नव्हते. तुझे वडील नेसरीहून कोल्हापुरात आले आणि लक्ष्मीपुरीत सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं दुकान टाकलं. फावल्या वेळात घडीचे चाकू स्वतः बनवायचे. पात्यावर चंद्रकोर आणि तिच्याखाली दोन ठिपके, हा त्यांचा ठसा. अप्पा गेले तेव्हा तू टायफॉइडनं अंथरुणात होतीस. तुझ्या भावानं महिनाभरात दुकान रिकामं करून सगळं सामान भंगारात घातलं. तू उठून गेलीस तेव्हा भिंतीवर नुसते खिळे राहिले होते. अप्पांच्या हातचा एकही चाकू कुणाकडे उरला नव्हता.

तेव्हापासून तू शोधत राहिलीस. रविवारी जुन्या बाजारात जायचीस, गोणपाटावर मांडलेल्या गंजक्या ढिगात बसून एकेक पातं उलटून बघायचीस. अप्पांचा मिळायचा नाही, पण दुसरा एखादा हाताला चांगला लागायचा, तो तू आणायचीस. असे दहा-बारा जमले. मग आपली पोरगी मेघा इंजिनिअरिंगला गेली आणि घरात कॉम्प्युटर आला. एका सुट्टीत तिनं तुला दाखवलं, जगभरातले लोक जुन्या वस्तू इथं लिलावात विकतात म्हणून. तू चष्मा लावून पुढं सरकलीस आणि विचारलंस, "चाकू हायत का त्यात?" मेघानं शब्द टाइप केला. हजारो होते.

पहिलाच चाकू फसला. सत्तर वर्षांपूर्वीचा म्हणून मागवलेला. पाकीट फोडलंस, पातं उघडून नाकाजवळ नेलंस आणि शांतपणे म्हणालीस, "ह्यो मागल्या वर्षीचा हाय. आम्लात बुडवून म्हातारा केलाय." मला वाटलं आता नाद सुटेल. तू दोन महिने एकही बोली लावली नाहीस हे खरं, पण रोज दुपारी त्या पडद्यासमोर बसून संपलेले लिलाव बघायचीस. कुठला चाकू केवढ्याला गेला, का गेला, मेघाच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहायचीस. मी कारखान्यावरनं आलो की मला शिकवायचीस. मी टाइम ऑफिसातला कारकून, मला त्यात गती नव्हती, पण तू बोलायला लागलीस की ऐकावंसं वाटायचं.

"चकचकीत पातं दिसलं की फुडं जायचं," तू सांगायचीस. "घासून पॉलिश मारलं की ठसा पुसतोय, कडा मऊ पडत्यात. बारका गंज असू दे, पर ठसा जागच्या जागी पायजे." फोटो नेहमी कमी पडायचे तुला. मग मी इंग्रजीत चिठ्ठी लिहायची, ती बघून तू दोन बोटांनी टाइप करायची. पातं अर्धं उघडून पाठीकडून फोटो पाठवा. ठशाचा जवळून पाठवा. मूठ हलते का, धार लावून लावून पातं किती झिजलंय. जो उत्तर द्यायला कंटाळा करायचा, त्याचा चाकू कितीही देखणा असला तरी तू सोडून द्यायचीस. आधीच्या गिऱ्हाइकांनी विकणाऱ्याबद्दल लिहिलेले शेरे वाचताना वाईट शेरे आधी वाचायचीस, आणि त्या वाईट शेऱ्याला त्यानं उत्तर काय दिलंय ते दोनदा. कोर्टातल्या वकिलाला भेटून कायदा विचारून आलीस. नऊ इंचाच्या वरचं पातं नको, बटण दाबून उघडणारा नको, शिंगाची नाहीतर हस्तिदंताची मूठ असली तर हात लावायचा नाही. आणि शेवटच्या दिवशी बोलीची हद्द कागदावर लिहून कीबोर्डखाली सारायची. त्याच्या वर जायचं नाही म्हणजे नाही.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरनं व्हायचं. एकदा शिंपल्याच्या मुठीचा एक चाकू आला होता, मला फार आवडलेला. ठसा खरा, पातं खरं, सगळं तुझ्या परीक्षेत उतरलेलं. पण विकणाऱ्यानं तुझ्या दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं दिली होती. तू म्हणालीस, नको. मी म्हटलं, "चाकू खरा हाय न्हवं? मग माणूस कसा का असंना."

"माल बघायच्या आधी माणूस बघायचा," तू म्हणालीस. "माणूस खोटा असला की खरा मालबी वाटंत खोटा हुतोय."

मी हेका सोडला नाही, तूही नाही. जेवताना, बसमध्ये, पुढं किती महिने आपण त्यावर बोलत होतो. ते भांडण मिटलं नाही कधी.

आता माझ्या भीतीबद्दल. तू मला भित्रा म्हणायचीस ते मी हसण्यावारी नेत होतो. पण ती भीती कुठनं आली ते तुला पूर्ण माहीत नव्हतं. मेघा तिसरीत असताना आपल्या बोळात मारामारी झाली आणि एकाला चाकू लागला, आठवतं? त्या दिवशी तू मला भाजीची सुरी धार लावून आणायला पाठवलं होतंस. मी पिशवीत सुरी घेऊन परत आलो तो पोलीस बोळात उभे. जे पुरुष दिसले त्यांना गाडीत घातलं, त्यात मी. संध्याकाळपर्यंत एका बाकावर बसवलं. एका हवालदारानं ती सुरी टेबलावर ठेवली आणि तेवढाच प्रश्न परत परत विचारला, "कुणासाठी धार लावलीस?" मारलं नाही. नुसतं विचारत राहिला. घरी आल्यावर मी तुला सांगितलं, चहा पाजून सोडलं. त्या बाकावर माझी पँट ओली झाली होती, शालन. वाळेपर्यंत मी उठलो नाही. सुटलास, जा म्हणाले, तरी बसून होतो. तो हवालदार काय समजला कुणास ठाऊक. पण त्यानंतर पातं आणि सरकारी शिक्का एका जागी दिसले की माझे हात गार पडायचे. तुझं प्रत्येक पार्सल घरात सुखरूप येईपर्यंत मला जेवण जायचं नाही.

मग अप्पांचा चाकू दिसला. दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. मी अंगणात सायकल पुसत होतो. तू आतून हाक मारलीस, मोठ्यानं नाही. "अवो, जरा इकडं या." पडद्यावर एक घडीचा चाकू होता, शिसवी मुठीचा. भारतीय, कारागीर अज्ञात, असं लिहिलेलं. तुझं बोट काचेवर टेकलेलं. चंद्रकोर, खाली दोन ठिपके.

"अप्पा," तू म्हणालीस. एवढंच.

मी म्हटलं, लाव बोली. तू डोळे पुसलेस आणि मान हलवलीस. "डोळ्यात पाणी असताना बोली लावायची न्हाय. ठसा कुणीबी मारंल. चिठ्ठी लिवा त्या विकणाऱ्या बाईला." अप्पा पात्याच्या खिळ्याखाली वॉशर म्हणून भोकाचा पैसा घालायचे, इंग्रजांच्या राजवटीतला जुना. ते बाहेरच्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. विकणारी इंग्लंडातल्या एका लहान गावातली बाई होती, डोरोथी नावाची. नवरा वारल्यावर त्याच्या वस्तू विकत होती. मी लिहिलं, कृपया खिळ्याजवळचा फोटो पाठवा. दोन दिवसांनी फोटो आला. बाईनं भिंगातून काढला होता बहुतेक. काळवंडलेल्या तांब्याच्या नाण्याची कड अगदी स्पष्ट दिसत होती. तू बराच वेळ बघत बसलीस. मग तिचे सगळे शेरे वाचलेस. एकही वाईट नव्हता.

लिलाव रविवारी साडेचारला संपणार होता आणि रविवारी आपल्याकडे तीन ते सहा लाइट नसायची. आपण राजारामपुरीतल्या इंटरनेट कॅफेत गेलो. शेजारी पोरं गेम खेळत होती, आणि आपण दोघं पन्नाशीतले, एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे. किंमत वर चढत होती. कुणीतरी दुसरा मागं लागलेला. मी म्हटलं, "लाव की आता." तू म्हणालीस, "गप बसा. आत्ता लावली की त्यो जागा हुणार." कागद तुझ्या मुठीत होता, मला दाखवला नाहीस. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा एकदाच आकडा टाकलास आणि दोन्ही हात मांडीवर ठेवलेस.

चाकू तुझा झाला. येताना आपण गंगावेशीत थांबून म्हशीचं दूध प्यायलो. तू ग्लास ठेवलास आणि म्हणालीस, "अप्पा घरी यायला लागले." तुझा तो चेहरा मला रोज दिसतो.

महिन्यानं तू तीन दिवस नेसरीला गेलीस, चुलत बहिणीच्या घरी. दुसऱ्या दिवशी पोस्टमननं माझ्या हातात एक लांब पाकीट दिलं. मुंबईहून, कस्टमच्या कार्यालयातून. तुझ्या नावानं. पार्सलमध्ये धारदार वस्तू आहे. तिची लांबी आणि उपयोग कळवा, ओळखपत्राची प्रत जोडा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जाईल.

एवढंच होतं. चार इंचाचं पातं. असल्या पत्रांची उत्तरं लिहिण्यात माझी सगळी नोकरी सरली. मी त्याच दिवशी ऑफिसात कागद घेतला, मजकूर लिहायला लागलो, आणि 'उपयोग' या शब्दापाशी थांबलो. माझ्या कानात तो आवाज आला, कुणासाठी. मी पेन खाली ठेवलं. मी मनाची समजूत घातली की हे तुझ्यासाठीच करतोय. तुझं नाव चाकूसकट सरकारी फाइलीत जाईल, उद्या कुठं काही झालं तर तुला बोलावतील, तुला तसल्या बाकावर बसवतील. हे मला खरंच वाटत होतं. पण अर्धंच खरं होतं. भीती मला माझ्या स्वतःसाठी वाटत होती. पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. उद्या लिहू, उद्या लिहू. तू नेसरीहून आलीस आणि दारातच विचारलंस, "पोस्टमन आल्ता का?" मी म्हटलं, "न्हाय." सोळाव्या दिवशी मी ते पत्र फाडलं आणि येताना बसच्या खिडकीतून तुकडे सोडून दिले.

तू रोज विचारत राहिलीस. मी रोज तेच उत्तर दिलं. आठवडे गेले. मग डोरोथीबाईंचं ईमेल आलं. तू भाकरी थापत होतीस. "वाचा की, काय म्हणत्या बाई," म्हणालीस. मी वाचलं. पार्सल तिच्याकडे परत आलं होतं. वर शिक्का होता की पत्राला कुणी उत्तर दिलं नाही. तिला वाईट वाटत होतं. तुमची इच्छा असेल तर मी माझ्या खर्चानं परत पाठवते, असं तिनं लिहिलं होतं.

मी तुला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तेवढी हिंमत कुठून आली माहीत नाही. मला वाटतं, तू ओळखावंस असं मला वाटत होतं.

तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि माझ्याकडे बघितलंस. "कसलं पत्र? आलं हुतं का पत्र?"

मी म्हटलं, "न्हाय."

तू क्षणभरसुद्धा विचार केला नाहीस. "मग खोटं बोलत्या बाई. कुणीतरी जास्त पैसे दिलं असतील तिला. पैसे परत घ्या, चाकू नको."

मी म्हटलं, "अगं, अप्पांचा चाकू हाय."

"असू दे. खोटं बोलणाऱ्या माणसाकडनं अप्पांचा चाकू सुद्धा घ्यायचा न्हाय."

तू सांगितलंस आणि मी लिहिलं. तुम्ही खोटं बोलत आहात, आमच्याकडे कुठलंही पत्र आलेलं नाही. माझ्या अक्षरात, माझ्या इंग्रजीत. तिनं वाद न घालता पैसे परत केले. तू तिच्या नावापुढं शेरा टाकलास, वस्तू पाठवली नाही, विश्वास ठेवू नये. तिच्या नावावरचा तो पहिला वाईट शेरा. पुढच्या महिन्यात तोच चाकू परत लिलावात आला. शेवटच्या दिवशी तू पडद्यासमोर बसलीस, कागदाशिवाय. आकडे चढत गेले. मी तुझ्या खुर्चीमागं उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला. तोवर मला पोलिसांची भीती नव्हती राहिली, कस्टमची नव्हती. तुझी भीती होती. तू माझ्याकडे वळून बघशील त्याची. वेळ संपली, चाकू दुसऱ्याला गेला. तू उठलीस आणि म्हणालीस, "चला, जेवून घेऊ."

त्यानंतर तू आणखी नऊ चाकू घेतलेस. मी प्रत्येकाच्या चिठ्ठ्या लिहिल्या, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. मग तुझं पोट दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि एकदम फार थोडे दिवस उरले.

दवाखान्यात त्या दुपारी मी मोसंबी सोलत होतो. तू छताकडे बघत होतीस. म्हणालीस, "अवो, ती डोरोथीबाई. तिनं लिवलेलं खोटं वाटत न्हवतं मला. मनातनं जाईना झालंय. माझी पारख चुकली का वो?"

इतकं सरळ विचारलंस. मोसंबी माझ्या हातात होती. तुला किती त्रास होतोय ते दिसत होतं, आणि खरं सांगितलं तर त्रास वाढेल असं मी ठरवून टाकलं. नेहमीसारखं दुसऱ्याच्या नावावर ठरवलं. म्हटलं, "न्हाय. तुझी पारख कधी चुकली न्हाय."

तू डोळे मिटलेस. चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं दिसलं. पुढं तीन दिवस तू होतीस, पण तो विषय परत काढला नाहीस. पारख चुकलीच होती तुझी. डोरोथीबाईंच्या बाबतीत नव्हे, जो माणूस तुझ्या शेजारी अर्ध्या खुर्चीवर बसला होता त्याच्या बाबतीत.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. मेघा थांबली होती. मी तीन दिवस बसून डोरोथीबाईंना इंग्रजीत पत्र लिहिलं, सगळं, पाकीट आलं तिथपासून दवाखान्यापर्यंत. तोंडानं सांगायची ताकद नव्हती म्हणून कागद मेघाच्या हातात दिला. म्हटलं, "आईच्या ईमेलवरनं एवढं पाठव त्या बाईला."

तिनं टाइप करायला सुरुवात केली. चार ओळींनंतर तिचे हात थांबले. मागं वळून न बघता तिनं पुढचं सगळं वाचून काढलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो.

"आईला माहीत होतं?"

"न्हाय."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

ती परत टाइप करायला लागली. एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते नीट केलं. पाठवलं. ईमेल कसं उघडायचं ते एका चिठ्ठीवर लिहून कीबोर्डपाशी ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पुण्याला गेली. जाताना वाकून नमस्कार केला, पण बोलली नाही. त्यानंतर आठ दिवस तिचा फोन नाही. तू नाहीस, आणि तीही गेली, असं वाटायला लागलं. फोन करायला रिसीव्हर उचलायचो आणि ठेवून द्यायचो.

परवा उत्तर आलं. नाव दिसलं आणि मी कॉम्प्युटर बंदच केला. काल दिवसभर त्या खोलीत गेलो नाही. आज सकाळी आंघोळ करून, तुझ्या फोटोला फूल घालून बसलो आणि उघडलं.

तिनं आधी तुझ्याबद्दल दुःख लिहिलंय. मग लिहिलंय की तेव्हा तिला फार लागलं होतं. त्या शेऱ्यानंतर तो चाकू तेवढा विकून तिनं विकणं बंद केलं, नवऱ्याच्या राहिलेल्या वस्तू एका व्यापाऱ्याला देऊन टाकल्या. अप्पांचा चाकू कॅनडातल्या कुणीतरी घेतला, आता त्याचा पत्ता तिच्याकडे नाही. शेरा काढता येईल का, असं तिनं विचारलंय. मी बघितलं, शालन. इतक्या वर्षांनी तो काढता येत नाही.

आणि मग तिनं हे लिहिलंय. तिचा नवरा साखर कारखान्याची यंत्रं बसवायला तरुणपणी आपल्याकडे आला होता. चाकू घ्यायला तो बाजारातल्या एका दुकानात गेला. दुकानदारानं चाकू त्याच्या हातात दिला नाही. आधी शेजारी बसलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलीकडे दिला. तिनं एक वर्तमानपत्र धरलं, पात्यानं उभं कापलं, कापलेली कड डोळ्यापाशी नेऊन बघितली आणि मान हलवून चाकू बापाला परत दिला. बापानं परत धार लावली. तिनं परत कापून बघितलं, परत नाही म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं चाकू स्वतःच्या फ्रॉकला पुसला आणि मूठ पुढं करून साहेबाच्या हातात दिला. दुकानदार हसत होता, पोरगी हसत नव्हती. तिचा नवरा ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. ती मुलगी तुमची बायको होती का, असं डोरोथीबाईंनी विचारलंय. भोकाच्या पैशाचा फोटो मागितला तेव्हाच त्यांना शंका आली होती. चाकू तुझ्या हातात पोचला की तुला हे सविस्तर लिहायचं, म्हणून त्या थांबल्या होत्या.

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. तुला आठवत तरी होतं का? एक पाकीट मी मुंबईला टाकलं असतं तर हे तुझ्या हातात आलं असतं. चाकू गेला त्यापेक्षा मला याचं जास्त वाटतं, आणि यावर कुठलं उत्तर मी कुठंही पाठवू शकत नाही.

दहा वाजेपर्यंत तसाच बसलो. मग मेघाला फोन लावला. हात गार होते. तिनं उचलला. मी म्हटलं, "त्या बाईंचं उत्तर आलंय. वाचू का?"

"वाचा."

मी मराठीत सांगत सांगत वाचलं. संपल्यावर ती म्हणाली, "बाबा, तो मुलीचा भाग परत वाचा."

मी परत वाचला. फ्रॉकला पुसला इथपर्यंत आलो आणि माझा आवाज फुटेना. ती म्हणाली, "थांबा, आईचं ईमेल इथूनही उघडता येतं," आणि राहिलेलं तिनंच मला वाचून दाखवलं.